फ्रिट्झ कोर्टनरला नाटककार म्हणायचं का?

तिसरी घंटा
कोर्टनर (व्हिएन्ना १८९२ – म्युनिक १९७०) हा १९२०च्या दशकातल्या बर्लिनचा पहिल्या फळीतला नट. दिग्दर्शक येस्नरने १९२० साली शेक्सपिअरच्या 'तिसरा रिचर्ड'साठी रंगमंचावर पायऱ्या उभ्या केल्या, त्यांवरचा रिचर्ड हाच. ज्यू असल्यामुळे हिटलर आल्यावर परागंदा झाला. आधी लंडन, १९३७पासून अमेरिका, आणि १९४७ला परत जर्मनी. या काळात त्याने नाटकंही लिहिली. माझं मत सरळ आहे, ती विसरली गेली ते ठीकच झालं. अमेरिकन पत्रकार डोरोथी थॉम्प्सनबरोबर लिहिलेलं 'अनदर सन' १९४०मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, ११ प्रयोगांत गुंडाळलं गेलं. नट आणि दिग्दर्शक म्हणून मोठा, लेखक म्हणून हौशी.

प्रॉम्प्टर
११ प्रयोगांवरून नाटकाची किंमत ठरवू नका. ब्रॉडवेवर अनुदान नाही. आठवड्याच्या गल्ल्यातून थिएटरचं भाडं आणि नटांचे पगार निघाले नाहीत की खेळ बंद. जर्मन नगरपालिकांच्या नाटकघरात नट हंगामभराच्या पगारावर असतात आणि नाटकं आलटूनपालटून लागतात, त्यामुळे थंडा प्रतिसाद मिळालेलं नाटकही काही दिवस तग धरतं. कोर्टनर त्या व्यवस्थेत घडलेला.

आणि त्याने लिहायला का घेतलं? व्हायोलिनवाला देश बदलला तरी वाजवू शकतो, नटाचे उच्चार सीमेवर अडतात. हॉलीवूडने त्याला परक्या उच्चाराच्याच भूमिका दिल्या. 'द हिटलर गँग'मध्ये (१९४४) तर तो चक्क ग्रेगर श्ट्रासर, म्हणजे नाझी पुढारी! आपल्या तोंडी बसेल अशी भूमिका कुणी देत नसेल तर ती स्वतः लिहायची, एवढंच.

तिसरी घंटा
म्हणजे गरज होती म्हणून लिहिलं. हेच तर म्हणतोय.

नेपथ्यवाली
गरजेपोटी लिहिलेलं वाईटच असतं असं कुठाय? त्याचं 'डोनाऊवेलन' नाटक घ्या, म्युनिक, १९४९. व्हिएन्नातल्या एका न्हाव्याने ज्यू मालकाचं दुकान 'आर्यीकरणा'त, म्हणजे नाझींनी ज्यूंची मालमत्ता हिसकावून इतरांना दिली त्यात, पदरात पाडून घेतलंय. युद्ध संपतं आणि त्याला एकच घोर लागतो, मालक जिवंत परत आला तर? हा खलनायक वगैरे नाही, साधा संसारी माणूस आहे, गिऱ्हाइकाच्या मानेवरून वस्तरा फिरवत गोड बोलणारा. ऑस्ट्रिया तेव्हा स्वतःला हिटलरचा पहिला बळी म्हणवून घेत होता. त्याच वेळी हे विनोदी अंगाने लिहिणं सोपं नव्हतं.

प्रॉम्प्टर
+१. त्याच वर्षीचा 'डेर रुफ' चित्रपटही विसरू नका. पटकथा त्याची, प्रमुख भूमिकाही त्याचीच. कॅलिफोर्नियातून जर्मनीतल्या गटिंगेनला परतलेला प्राध्यापक माउथनर आणि त्याच्यावर गुरगुरणारे विद्यार्थी. आता गंमत बघा, दिग्दर्शक होता योझेफ फॉन बाकी. याच बाकीने १९४३मध्ये नाझी प्रचारमंत्री गोबेल्सच्या मुठीतल्या उफा कंपनीसाठी 'म्युन्शहाउझन' चित्रपट केला होता.

तिसरी घंटा
माझा मुद्दा तुम्हीच पुढे नेताय. परतलेल्या माणसाचं दुःख त्याने संवादांत घातलं तर लोक मान डोलावून घरी जातात. तेच त्याने दिग्दर्शनात घातलं की लोक खवळतात. डिसेंबर १९५०, बर्लिनचं हेब्बल थिएटर, जर्मन नाटककार शिलरचं 'डॉन कार्लोस', आणि राजा फिलिप तो स्वतः. बंडाच्या प्रसंगात सैनिकांच्या बंदुका रोखल्या त्या प्रेक्षागृहाकडे, आणि बार उडवले. काडतूस कोरं असलं तरी बंद सभागृहात त्याचा दणका छातीत बसतो. रस्त्यावरची लढाई संपून साडेपाच वर्षं झालेल्या शहरात! त्यात शिलरची एक ओळ बदलावी लागली नाही. लेखक कोर्टनरला हे कधी साधलं?

नेपथ्यवाली
पण त्या बंदुका कुणाकडे रोखायच्या हे ठरवणारा माणूस तोच ना, ज्याने वर्षभर आधी तो न्हावी लिहिला? दोन्हीकडे बोट खुर्चीत बसलेल्याकडेच आहे. लिखाण वेगळं, दिग्दर्शन वेगळं अशी वाटणी मला पटत नाही. (अवांतर: नेम प्रेक्षकांच्या डोक्यावरून धरला असता तर कुणी हूं की चूं केलं नसतं.)

तिसरी घंटा
बरं, अर्धं मान्य. तरी ज्यांना त्याचं खरं लेखन बघायचंय त्यांनी दिग्दर्शक जीबरबर्गचा कोर्टनरच्या तालमीवरचा १९६५चा माहितीपट बघा, 'पाचवा अंक, सातवा प्रवेश'. शिलरच्याच 'काबाले उंड लीबं' नाटकातला विष घातलेल्या लिंबूपाण्याचा प्रसंग. शब्दाशब्दाला अडवतो, करून दाखवतो, पुन्हा पहिल्यापासून. नट रडकुंडीला येईल अशी तालीम. कागदावर त्याला हा धीर नव्हता.

प्रॉम्प्टर
धीर होता, माणसं नव्हती. लेखकाला मनासारखा न्हावी लिहिता येतो, पण तो उभा करायला नट लागतो, आणि १९४९च्या म्युनिकमध्ये हाताशी कोण होते? बारा वर्षं त्याच राजवटीत टाळ्या घेतलेले. १९५४ला त्याने तिथे बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' बसवलं तेव्हा त्यातला एक भटक्या होता हाइन्झ रुमान, हिटलरच्या काळातला लोकांचा लाडका विनोदी नट. कोर्टनर त्यालाही तसंच शब्दाशब्दाला अडवत असणार.