स्लॅबच्या दिवशी धमकी, पोलिसांकडून हिंबरह (तक्रारीवरचं लेखी उत्तर) मिळालं. पुढं काय करायचं?

नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कायद्याच्या जाणकारांनी कृपया वाचून उत्तर द्यावं.

माझे मिस्टर मेस्त्री आहेत, लेबर कॉन्ट्रॅक्टवर घरं बांधतात. सध्या पिरनवाडीच्या पुढं एक काम चालू आहे. घरमालक मिलिटरीत आहेत, सुट्टीला आले की बघून जातात. बाकी सगळा भरवसा ह्यांच्यावर.

पाया भरताना दोघंजण मोटरसायकलवरून आले. खडी आणि एम-सँड (दगडापासून केलेली वाळू) आमच्याकडूनच घ्यायची, नको असेल तर पन्नास हजार द्या आणि कुठूनही आणा, असं म्हणाले. ह्यांनी नाही सांगितलं. मग स्लॅबच्या दिवशी सहाजण आले. वाटेत टिप्पर आडवा लावला, मिक्सर बंद करायला लावला. खानापूरकडचा एक पोरगा सेंटरिंगला होता, त्याची कॉलर धरून "उद्या इथं दिसलास तर पाय मोडून हातात देतो" म्हणाले. सकाळचे अकरा वाजले होते, स्लॅब निम्मा झाला होता. उरलेला दुसऱ्या दिवशी टाकला, पण मधे जोड राहिलाच. पावसाळ्यात तिथून पाणी झिरपणार ह्या विचारानं ह्यांना झोप नाही. दुसऱ्याचं घर आहे ते.

त्याच संध्याकाळी स्टेशनला गेलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं, हे मी मान्य करते. तक्रार तिथल्याच एकानं कन्नडमध्ये लिहून घेतली. हे कन्नड फाडफाड बोलतात, पण वाचता येत नाही. वाचून न दाखवताच सही घेतली, आम्हीही घाबरून केली. आठ दिवसांनी हिंबरह हातात आलं: साहित्याच्या व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा.

मुलगी दहावीला आहे, तिला शाळेमुळं कन्नड येतं. तिनं तक्रारीची प्रत वाचली तर पन्नास हजाराचा उल्लेखच नाही! "खडीच्या दरावरून बाचाबाची झाली" एवढंच. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण आमची तक्रार ती नव्हतीच.

आता नवीन तक्रार देता येते का? मराठीत दिली तर घेतील का? आणि तो पोरगा साक्षीला यायला तयार नाही. मी सही करणार नाही वहिनी, म्हणतो. त्याला कसं समजावू?

प्रतिसाद

ताई, तुमच्या मुलीनं नेमकी जागा पकडली. सगळं त्या गळलेल्या रकमेवर अडलंय. नुसती धमकी म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१, तो अदखलपात्र गुन्हा, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पैशासाठी धमकावलं की कलम ३०८, म्हणजे खंडणी. तुम्ही पैसे दिले नसले तरी खंडणीसाठी भीती घालणं हा त्याच कलमाखाली दखलपात्र गुन्हा आहे, आणि त्यात एफआयआर नोंदवावाच लागतो. ललिता कुमारी खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये हे स्पष्ट केलंय.

तोंडी सांगितलेली तक्रार लिहिल्यावर वाचून दाखवायला हवी, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. ते झालं नाही, असं नव्या अर्जात लिहा. तारीख, वेळ, रक्कम आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे घाला. मराठीत लिहा, पण कन्नड भाषांतर जोडा. भाषेच्या वादात महिना घालवू नका. तरी नोंद झाली नाही तर १७३(४) प्रमाणे वरिष्ठांना स्पीड पोस्टानं पाठवा (तुमच्या भागाला पोलीस आयुक्तालय आहे, म्हणजे आयुक्तांना), पावती जपा. तिथंही हललं नाही तर शपथपत्र जोडून १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडं अर्ज.

त्या पोराला एवढं सांगा, तपासात पोलिसांनी घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायची नसते, कायद्यातच मनाई आहे. कोर्टात मात्र एक दिवस उभं राहावं लागेल, हे लपवू नका. पुन्हा कुणी आलं तर आधी ११२ ला फोन, त्याची नोंद राहते. मोबाइलवर काही रेकॉर्ड झालं असेल तर तो फोनच जपून ठेवा, फॉरवर्ड केलेली फाइल पुरत नाही.

धागाकर्ती

खूप आभार दादा. कॉल रेकॉर्ड झालेला नाही, पण घरमालकांना दाखवायला ह्यांनी स्लॅबचा व्हिडिओ काढायला सुरुवात केली होती, त्यात टिप्पर आणि आवाज आलाय. तो फोन आज कपाटात ठेवला. अर्ज मी मराठीत लिहिते, मुलगी कन्नडमध्ये करतेय, उद्या वकिलांकडून तपासून घेऊ.

पोराला सहीचं सांगितलं. आईला विचारून सांगतो म्हणाला.

अजून एकच विचारायचंय. घरमालक म्हणतात, पावसाआधी तो जोड फोडून दुरुस्त करून घ्या. पंचनामा व्हायच्या आधी हात लावला तर पुरावा जाईल का? की फोटो काढून करून घेऊ?