नाटामायसिन चालू आहे, तरी बुबुळावरचा डाग पसरतोय

प्रश्न:
उसाला पाणी पाजताना वडिलांच्या डोळ्यात चिखलाचं पाणी उडालं. आता बुबुळावर पांढरा डाग आहे, वेदनेनं झोप नाही. खरवडून तपासलं तर बुरशी निघाली. बुरशीवरच्या नाटामायसिन औषधाचे थेंब तासातासाला घालतोय, रात्रीसुद्धा. तरी डागाला कडेनं तंतू फुटलेत. काय करावं?

उत्तर १ (नेत्रतज्ज्ञ):
पिथियमची तपासणी करायला सांगा. सूक्ष्मदर्शकाखाली ते हुबेहूब बुरशीसारखं दिसतं, पण बुरशी नव्हे. साचलेल्या पाण्यातला वेगळाच जीव आहे. नाटामायसिन बुरशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉल नावाच्या स्निग्ध घटकाला धरतं, आणि पिथियममध्ये ते जवळजवळ नसतंच. म्हणून थेंब वाया जातात. कडेला फुटलेले तंतू वाचूनच मला ही शंका आली. निदान ठरलं तर लिनेझोलिड आणि ॲझिथ्रोमायसिन देतात, दोन्ही जिवाणूंवरची औषधं! तरीही पुष्कळदा बुबुळ बदलावं लागतं. उद्याच कॉर्नियातज्ज्ञ (बुबुळाचे डॉक्टर) गाठा, कल्चर करायला लावा, म्हणजे नमुन्यातला जीव वाढवून ओळखायला. स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून अजिबात घालू नका.

उत्तर २:
आमच्या काकूंना हेच झालं होतं. बुबुळ बदललं, डोळा वाचला. जुने रिपोर्ट आणि खरवडलेल्या नमुन्याच्या काचपट्ट्या सोबत न्या, नव्या डॉक्टरांना त्या पुन्हा बघता येतात.

प्रश्नकर्ता:
सकाळच्या एसटीनं मिरजेला निघतोय. काचपट्ट्या मागून घेतल्यात.