ऑन-कॉलच्या रात्री

काल दवाखान्यात नंबरची वाट बघत बसले होते. शेजारच्या माणसाचा फोन वाजला, टोन तोच, पेजरचा, म्हणजे सर्व्हर पडला की उठवणाऱ्या अलर्टचा! मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून सहा वर्षं झाली, तरी हात लॅपटॉपची बॅग चाचपायला गेला.

माझा पहिला ऑन-कॉल, म्हणजे सिस्टिम बिघडली की कधीही उठून सावरायची पाळी. रात्रीचे पावणेतीन. संध्याकाळच्या रिलीजमध्ये, म्हणजे नव्याने चढवलेल्या कोडमध्ये, डीबग लॉग (चाचणीपुरत्या बारीकसारीक नोंदी) चालूच राहिले होते, डिस्क भरत गेल्या आणि एकेक सर्व्हर आडवा झाला. मी लॉग उपसत कारण शोधत बसलेली. सीनिअर कॉलवर आले नि म्हणाले, "आधी रोलबॅक कर, जुनी आवृत्ती परत चढव. कारण सकाळी शोधू, ते कुठे पळून जात नाही." ९९.९९ टक्के अपटाइम म्हणजे वर्षाला जेमतेम ५२ मिनिटं बंद पडायची मुभा. त्यातली ३८ त्या रात्रीत गेली. पण पोस्टमॉर्टेममध्ये, म्हणजे नंतरच्या कारणमीमांसेत, कुणाचंच नाव निघालं नाही, "हा रिलीज पुढे गेलाच कसा" एवढाच प्रश्न. मी त्या माणसांची आजही ऋणी आहे. तुमच्याही रात्री सांगा.

---

डिसेंबर २०२१, लॉगफोरजे. नोंदी लिहिणाऱ्या या लायब्ररीत (तयार कोडमध्ये) सुरक्षेचं भगदाड सापडलं. दुरुस्तीची २.१५ आवृत्ती चढवली तर २.१६ आली, ती चढवली तर २.१७. निम्म्या सर्व्हिसमध्ये ही लायब्ररी थेट नव्हतीच, दुसऱ्याच लायब्ररीच्या पोटात दडलेली. लेकीच्या वाढदिवसाच्या व्हिडिओत मी मागे पाठमोरा, हेडफोन लावून. अजून बघवत नाही.

---

मी इंजिनिअर नाही, माझा नवरा आहे. चालेल ना? फोन त्याच्या उशाशी, जाग मला. बाळ लहान होतं तेव्हा टोन वाजला की तेही उठायचं. हा कॉलवर, मी बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत.

---

न चालायला काय झालं, ताई! अर्धा ऑन-कॉल तुम्हीच केलात. फोन सायलेंट करून अलर्ट मनगटावरच्या घड्याळात घ्यायला सांगा. थरथरलं की त्यालाच जाग येते.

---

हे माहीतच नव्हतं. आजच सांगते.

---

सकाळी लॅपटॉप उघडला, पासवर्ड चालेना. वाटलं आउटेज आहे. टीममधल्या मित्राला विचारलं, "लॉगिन डाऊन आहे का रे?" तो म्हणाला, "माझं चालतंय." तेव्हा कळलं. नऊ वर्षं होतो तिथे. अजून रात्री पावणेतीनला जाग येते.

---

अरे... वाचून गलबललं. रेफरल हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, आमच्याकडे दोन जागा आहेत.

---

सोमवारपासून माझा पहिला ऑन-कॉल. रनबुक (बिघाड झाला तर काय करायचं त्याची वही) तीनदा वाचून झालीये, तरी पोटात गोळा.

---

धागाकर्ती: रोलबॅकची कमांड कागदावर लिहून ठेव, ऐन वेळी सापडत नाही. दहा मिनिटांत उमगलं नाही तर सेकंडरीला, म्हणजे पाठीशी असलेल्या दुसऱ्या ऑन-कॉलवाल्याला, उठव. संकोच करू नकोस, तो त्यासाठीच असतो.

---

लिहून भिंतीला चिकटवली 🙏

---

@रेफरल, व्यनि केलाय.