आजोबांची झिजलेली कुऱ्हाड : नुसती शेवटून (तापवून, ठोकून धार काढून) घ्यावी की पोलाद घालावे?

माळवदकर यांचा प्रश्न

घराच्या माळ्यावर आजोबांची जुनी कुऱ्हाड सापडली असून तिचे पाते झिजून नेढ्यापासून, म्हणजे दांडा बसवायच्या भोकापासून, जेमतेम तीन बोटे उरले आहे. धारेचा खालचा कोपरा वरच्यापेक्षा पुष्कळ जास्त झिजलेला आहे. ग्राइंडरवर धार लावून घेतली, परंतु बाभळीच्या दुसऱ्याच ओंडक्यावर ती मुडपली, आणि आता कानस फिरवली की भुसा पडावा तसा लोखंडाचा कीस पडतो. मला ही कुऱ्हाड भिंतीवर टांगायची नाही, वापरायची आहे. लोहाराकडे नेताना नेमके काय सांगावे?

भट्टीकाठ यांचे उत्तर

माझे लहानपण वडिलांच्या भट्टीवर भाता ओढण्यात गेले, त्या अनुभवावरून लिहितो. जुन्या कुऱ्हाडी बहुधा सबंध पोलादाच्या नसत. अंग मऊ लोखंडाचे आणि धारेपुरती पोलादाची पट्टी, अशी त्यांची घडण असे. त्यामुळे धार मुडपण्याची दोन कारणे संभवतात. एक तर ग्राइंडरवर पाते निळे पडेपर्यंत तापले आणि त्याचे पाणी, म्हणजे तापवून एकदम थंड करून आणलेला कडकपणा, उतरले, किंवा पिढ्यान्‌पिढ्या शेवटून पोलादच संपले. पहिल्या बाबतीत पुन्हा पाणी देऊन भागते. दुसऱ्या बाबतीत कितीही शेवटले तरी लोखंडच पुढे येत राहते.

हे घरीच तपासता येते. पात्याची एक बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करावी, तिच्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके काही तास ठेवावे आणि मग धुऊन पाहावे. पोलाद काळपट करडे होते, लोखंड उजळ राहते आणि कित्येकदा त्यात लाकडासारख्या रेषा दिसतात. ही तपासणी होईपर्यंत कुऱ्हाड भट्टीत घालू देऊ नका.

पोलाद घालायचे ठरल्यास पात्याची कड तापवून छिन्नीने मधोमध चिरतात, त्या चिरेत पोलादाची पाचर बसवतात आणि टाकणखार (बोरॅक्स) टाकून पुन्हा तापवतात. सांध्यावर वितळलेल्या तुपासारखी ओली झळाळी दिसू लागली, की ऐरणीवर पहिले ठोके हलके आणि भराभर बसले पाहिजेत. तिथे जोराचा घाव घातला तर पाचर बाहेर निसटते.

कानसवाला यांचे उत्तर

वरील उत्तराला पोलादाविषयी थोडी भर घालतो. बरेच लोहार ट्रकचा कमानपाटा (स्प्रिंगची पट्टी) वापरतात. तो चिवट असतो, मात्र त्यातील मिश्रधातूंमुळे सांधा धरायला अवघड जातो. जुन्या कानशीचे पोलाद सहज सांधते, पण ठिसूळ असते, म्हणून दातरे पूर्ण घासून टाकावेत. ते राहिले तर तिथूनच तडा जातो.

पाणी देताना सगळी कुऱ्हाड बुडवू नये. लोहचुंबक चिकटेनासे होईपर्यंत, म्हणजे साधारण ७७० अंश सेल्सिअसच्या किंचित वर, फक्त धारेकडचा भाग तापवून तेवढाच बुडवावा. कमानपाट्याला तेल बरे. त्यानंतर धार घासून उजळ करावी आणि मागच्या न बुडवलेल्या गरम भागातून हळूहळू उष्णता येऊ द्यावी. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग धारेपर्यंत सरकतो. कुऱ्हाडीला मी जांभळ्यावर थांबवतो, कारण पिवळ्यावर थांबवलेली धार गाठीच्या लाकडावर कपचते.

रानवाट यांचे उत्तर

पाणी देण्याच्या वेळी नेढ्याभोवती ओले फडके गुंडाळायला सांगावे, म्हणजे तो भाग मऊच राहील आणि दांडा ठोकताना चिरणार नाही. दांडा धामण या झाडाच्या लाकडाचा मिळाला तर उत्तम.

माळवदकर

व्हिनेगरची तपासणी केली. वरच्या कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढा काळा पट्टा आहे, तो मध्यावर येईपर्यंत निमुळता होतो आणि खालच्या कोपऱ्यात काहीच नाही. धार तिथेच मुडपली होती. तेव्हा पोलाद घालूनच घेतो, आणि लोहाराला हा पट्टा दाखवता यावा म्हणून पाते न घासता तसेच नेतो.