निर्वासितांना आसरा देणाऱ्या देशाचा भार इतरांनी कसा वाटून घ्यावा?

राज्यशास्त्र_सोलापूर:
नमस्कार. मी सोलापुरातील एका महाविद्यालयात शिकवते. निर्वासितांच्या प्रश्नावर वर्गात चर्चा करताना आम्ही युगांडाचे उदाहरण घेतले होते. त्या देशाने २००६ च्या कायद्याने निर्वासितांना काम करण्याचा आणि देशात फिरण्याचा हक्क दिला. दक्षिण सुदान व काँगोतून आलेल्या अनेक कुटुंबांना वस्तीत राहण्यासाठी आणि कसण्यासाठी जमिनीचा तुकडाही मिळतो. आज तिथे १५ लाखांहून अधिक निर्वासित आहेत. मात्र जागतिक अन्न कार्यक्रमाकडे पुरेसा निधी येत नसल्याने २०२० पासून त्यांचा शिधा वारंवार कमी करावा लागला आहे. दार उघडे ठेवणाऱ्या गरीब देशावरच सगळा भार पडत असेल, तर इतरांना त्यांचा वाटा उचलायला लावणारा एखादा नियम आहे का, असे विद्यार्थी विचारतात.

वकील, सिद्धेश्वर पेठ:
मॅडम, बंधनकारक नियम नाही, आणि या व्यवस्थेतील खरी उणीव तीच आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराच्या प्रास्ताविकात काही देशांवर अवाजवी भार पडू शकतो आणि आंतरराष्ट्रीय सहकार्याशिवाय त्यावर तोडगा निघणार नाही, हे मान्य केले आहे. पण कोणी किती वाटा उचलायचा, याचे एकही कलम त्यात नाही. उलट, जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका असेल तिथे निर्वासिताला परत धाडू नये, हे ३३ वे कलम स्पष्टपणे सांगते. म्हणजे ज्याच्या सीमेवर माणसे येऊन उभी राहतात तो देश कायद्याने बांधला जातो आणि दूरचे देश केवळ सदिच्छेने मदत करतात. डिसेंबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८१ मतांनी निर्वासितांविषयीचा जागतिक संकल्प स्वीकारला, अमेरिका आणि हंगेरी यांनी विरोधात मत दिले. मात्र तो संकल्पही कायद्याने बंधनकारक नाही. भारत १९५१ च्या करारात सामील नाही, हेही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

गणवेश_व्यवसाय:
पैसा आला तरी तो कशावर खर्च होतो, हे पाहावे लागते. फेब्रुवारी २०१६ मध्ये लंडनच्या परिषदेत जॉर्डनने सीरियन निर्वासितांना सुमारे २ लाख रोजगार खुले करण्याचे मान्य केले आणि त्या बदल्यात युरोपीय संघाने जॉर्डनच्या मालाला बाजारपेठेत सवलत दिली. कल्पना चांगली होती, परंतु कपड्यांचे कारखाने वस्त्यांपासून लांब, मजुरी कमी आणि सुरुवातीला परवाना एकाच मालकाशी बांधलेला, त्यामुळे कारखान्यांत फारच थोडे निर्वासित गेले. मी सोलापुरात गणवेश शिवून घेतो. घर आणि मुले सांभाळून शिवणकाम करणारी बाई रोज दूरच्या कारखान्यात जाऊ शकत नाही, हे इथला कोणताही व्यावसायिक सांगेल. करार करताना हे त्या निर्वासित बायकांनाच विचारायला हवे होते.

निवृत्त_टपाल_कर्मचारी:
मॅडम, वर्गात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे उदाहरण अवश्य घ्यावे. दुसऱ्या महायुद्धात १९४३ पासून १९४८ पर्यंत तिथे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले. जागा इथली होती, खर्च लंडनमधील पोलंडचे निर्वासित सरकार करत होते आणि युद्ध संपल्यावर त्यांपैकी अनेकांना ब्रिटनसारख्या देशांनी कायमचे सामावून घेतले. आसरा, पैसा आणि पुनर्वसन हे तिन्ही वाटे वेगवेगळ्यांनी उचलल्यामुळे तो भार एकावर पडला नाही. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे १ कोटी माणसे आली, तेव्हा मात्र बाहेरून आलेली मदत खर्चाच्या मानाने अपुरी होती आणि सरकारने पत्रांवर पाच पैशांचे जादा निर्वासित साहाय्य तिकीट सक्तीचे केले. सामान्य माणूसही ते तिकीट लावत होता. म्हणून श्रीमंत देश नुसता निधी जाहीर करून मोकळे होतात तेव्हा मला ते मान्य होत नाही. युगांडातील काही कुटुंबांना त्यांनी आपल्या देशात वसवून घेतले पाहिजे आणि त्यांची संख्या दरवर्षी आधी जाहीर केली पाहिजे.