बर्फावरचा तंबू आणि आपली काळी माती

येलदरीकाठ:
परवा अमेरिकेतल्या 'लातूरकर_मिनेसोटा' यांनी लिहिलं की बर्फावर मासे धरायला ते जो पॉप-अप तंबू वापरतात, तसाच आपल्याकडं धरणावर रात्री गळ टाकून बसणाऱ्यांनी घ्यावा, छत्री-ताडपत्रीचे दिवस गेले. दोन दिवस गप्प बसलो. पण खाली एकामागून एक लोक "कुठं मिळतो?" विचारायलेत, ते बघून राहवलं नाही.

भाऊ, तो तंबू बर्फासाठी शिवलेला आहे. त्याला तळ नसतो, कारण बर्फात पाडलेलं भोक आत, माणूस आत, दोरा सरळ खाली. आमचं पाणी समोर असतं. चारी भिंती बंद करून बसलो तर काठीचं टोक दिसणार कसं? घुंगरू वाजलं की चेन उघडून वाकून बाहेर येईस्तोवर मरळ आमिष घेऊन गेलेला असतो.

अन् तळ नाही म्हणजे विंचवाला दार उघडं. तीन वर्षांमागं मे महिन्यात आम्ही येलदरी धरणावर नुसत्या ताडपत्रीखाली झोपलो होतो. पहाटे चुलतभावाच्या पायाला विंचू चावला. जिंतूरला नेईस्तोवर घामानं त्याचा सदरा पिळून काढण्यासारखा झाला होता. वाचला तो. पण तेव्हापासून शिवलेला तळ नसेल तर मी तंबूत पाऊल टाकत नाही.

खुंट्यांचं काय? तुमच्याकडं बर्फात पीळदार स्क्रू फिरवला की घट्ट. आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, अन् पाऊस पडला की लोणी. पाणी उतरल्यावरची गाळपेराची जमीन वरून कडक, खाली चिखल. खुंटी धरणार कशात? त्यात ती रजईसारखी भिंत. मार्चनंतर आत माणूस शिजेल.

लातूरकर_मिनेसोटा:
दादा, मी "तसाच" लिहिलंय, "तोच" नाही. आधी नीट वाचा.

ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथला मी. इथं पहिल्या हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर पाय टाकताना छाती धडधडत होती. चालायला निदान ४ इंच स्वच्छ, टणक बर्फ लागतो. पांढरट असला तर त्याच्या दुप्पट. असे सात हिवाळे काढलेत, तेव्हा कुठं तंबूवर बोलायलोय.

इथं मुख्य जाती दोन. एकीत घसरगाडीवरच खुर्च्या बसवलेल्या असतात, छत मागून डोक्यावरून ओढून घ्यायचं. एकटा माणूस, घडीघडीला भोक बदलणारा, त्याला ती बरी. दुसरी हबची, म्हणजे भिंतीच्या मध्यावर काड्या जुळतात त्या सांध्याची. प्रत्येक भिंतीच्या मधोमध कडी असते, ती ओढली की भिंत बाहेरच्या अंगानं ताणून बसते. वजनाच्या मानानं जागा भरपूर, चार माणसं मावतात.

मी सांगत होतो तो हबचा सांगाडा. भिंतीच्या मध्यावर दोर बांधायची सोय असते, म्हणून वाऱ्यात टिकतो. वाऱ्याकडची बाजू आधी बांधायची, तंबू मग उघडायचा. हे नाथसागरावर वेगळं आहे का? तुम्ही लोक ते तारेचे गोल घडीचे तंबू घेता. एका वावटळीत लोळतात.

भिंत जाड असते ती नुसत्या उबेसाठी नाही. एकेरी कापडाला श्वासाची वाफ आतून गोठते, हीटर लावला की अंगावर टपटपते. परभणीत डिसेंबरात पहाटे तंबू आतून ओला होतो, तो त्याच वाफेनं. मी तर छोटा गॅस हीटर लावून स्वेटर काढून बसतो.

पैठणचा_भाचा:
हीटरवर पैसे कशाला घालायचे? आम्ही कोळशाची शेगडी ठेवतो. बाहेर पेटवायची, धूर गेला की निखारे आत घ्यायचे अन् दार लावून घ्यायचं. पंधरा वर्षं करायलोय, काही झालं नाही.

सिस्टर_नांदेड:
तंबूतलं मला कळत नाही, पण वरचं वाचून लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही. दादा, धूर गेला म्हणजे धोका गेला असं नसतं. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. माणसाला वाटतं जागरण झालंय, म्हणून तो आडवा होतो.

एका जानेवारीत माझ्या ड्युटीवर मायलेकी आणल्या होत्या. बाळंतिणीची खोली, खिडकीला गोधडी लावलेली, खाटेखाली शेगडी. लेक वाचली. आई गेली.

पैठणचा_भाचा:
ताई, वाईट झालं. पण बंद खोली वेगळी, तंबू वेगळा, कापडातून हवा खेळते. आमचे आजोबा आयुष्यभर कोपीत चुलीशेजारी झोपले. शहरात बसून आम्हाला शेगडी शिकवू नका.

सिस्टर_नांदेड:
मी शहरातली नाही. माझे आईबाप ऊसतोडीला जायचे, माझं लहानपण कोपीतच गेलंय. पाचटाच्या कोपीला चहूबाजूंनी फटी असतात, रात्री चांदण्या दिसायच्या. तुमच्या तंबूच्या कापडाला पाणी आत येऊ नये म्हणून लेप दिलेला असतो. त्यातून हवा किती खेळणार? आणि "काही झालं नाही" असं सांगायला वाचलेलाच येतो, दादा.

लातूरकर_मिनेसोटा:
ताईंचं बरोबर आहे. मी खालची फट आणि वरची खिडकी दोन्ही उघडी ठेवतो. शिवाय माझ्या हीटरला सेन्सर आहे, तो आपोआप बंद पडतो.

सिस्टर_नांदेड:
तो सेन्सर ऑक्सिजन कमी झालेला ओळखतो, कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. त्याचा अलार्म वेगळा येतो. आहे का तुमच्याकडं?

लातूरकर_मिनेसोटा:
नाही. मागवतो.

पाणथळ_संभाजीनगर:
तंबू कुठला घ्यावा यावर एवढं लिहिलंत, तो लावायचा कुठं हे कुणीच विचारलं नाही. जायकवाडी, म्हणजे तुमचा नाथसागर, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. वन विभागाला न विचारता तिथं रात्रीचा मुक्काम करता येत नाही. हिवाळ्यात पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतात, त्यांना तोच उथळ काठ लागतो. तुमचे केशरी तंबू अन् डोक्यावरच्या बॅटऱ्या बघून अख्खा थवा उठतो, मी डोळ्यांनी बघितलंय.

पैठणचा_भाचा:
आमच्या आजोळचं गाव त्याच पाण्याखाली गेलं. आज त्या काठावर बसायला मी परवानगी मागू? पक्ष्यांसाठी तुमचा जीव तुटतो, उठवलेल्या माणसांसाठी कधी दोन ओळी लिहिल्यात का?

पाणथळ_संभाजीनगर:
नाही लिहिल्या, हे खरं आहे. पण गाव पाखरांनी बुडवलं नाही.

येलदरीकाठ:
दोघंही थांबा, मुद्द्यावर या.

लातूरकर, मध्यावरच्या दोराचं पटलं. माझ्या तंबूला फक्त कोपऱ्यांत कड्या आहेत. गेल्या वळवाच्या पावसात भिंत आत दबली अन् काडी तिथंच मोडली. पण दोराचं दुसरं टोक कशाला बांधायचं, त्याचं उत्तर तुम्ही अजून दिलं नाही.

लातूरकर_मिनेसोटा:
इथं नुसत्या खडकाळ काठावर लोक वजन ठेवतात. तुमच्याकडं युरियाची रिकामी पोती असतील. जाताना घडी करून न्या, तिथली माती भरा, तोंड बांधा, दोर पोत्याला. भेगाळलेली जमीन असो की चिखल, पोतं हलत नाही. आणि समोरची भिंत पूर्ण गुंडाळता येते का, हे बघूनच तंबू घ्या. काठी कशी दिसणार हा तुमचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता.

येलदरीकाठ:
येत्या शनिवारी येलदरीवर सहा पोती नेऊन बघतो. तळ मात्र शिवलेलाच पाहिजे, त्यावरून मी हटणार नाही.

पैठणचा_भाचा:
रात्री मामाला फोन केला होता. तो म्हणला, तंबूतून उठल्यावर दर वेळी डोकं जड असतं, त्याला वाटायचं गारठ्यानं. शेगडी बाहेर ठेवू. ताईंनी सांगितलं म्हणून.