नव्या बँडची संध्याकाळ : तुमचे अनुभव

कधी नावही न ऐकलेले तीन-चार इंडी (मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय चालणारे) रॉक बँड, एकच संध्याकाळ आणि सगळी गाणी त्यांची स्वतःची. अशा कार्यक्रमाला गेलेल्यांनी, वाजवणाऱ्यांनी, साउंड सांभाळणाऱ्यांनी लिहावं म्हणून हा धागा. बँड पुढे गाजला की नाही, हा मुद्दा नाही. जून १९७६ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या एका लहान सभागृहात सेक्स पिस्टल्स हा पंक रॉक बँड वाजला तेव्हा ऐकायला मूठभर माणसं होती. तो कार्यक्रम भरवणाऱ्या हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली यांच्या बझकॉक्स या बँडनं १९७७ च्या जानेवारीत उसन्या पैशांवर आपली पहिली रेकॉर्ड स्वतःच काढली. समोर किती जण आहेत यावर वाजवणाऱ्यांची मोठी भिस्त असते, म्हणून माझा आग्रह एवढाच की पहिल्या बँडलाही हजर राहा. आता तुम्ही सांगा.

*

मला आठवतो तो पहिल्या बँडचा सेट. हॉल अर्धा रिकामा, लोक मागच्या भिंतीला टेकून उभे. गाणं ऐन रंगात आलं आणि गिटार वाजवणाऱ्या मुलीची तार तुटली. ड्रमर आणि बेसवाला थांबले नाहीत, एकमेकांकडे बघत तेवढाच तुकडा फिरवत राहिले. तेवढ्यात पुढच्या बँडचा गिटारिस्ट विंगेतून धावत आला आणि त्यानं स्वतःची गिटार तिच्या गळ्यात घातली. पट्टा त्याच्या उंचीचा, त्यामुळे गिटार तिच्या पार गुडघ्यापर्यंत लोंबत होती. तशीच वाकून तिनं उरलेलं गाणं वाजवलं. भिंतीजवळचे सगळे एव्हाना पुढे आले होते.

*

मी साउंड करतो. वरचा आग्रह मला मनापासून पटला, कारण सगळ्यात जास्त ओढाताण पहिल्याच बँडची होते. साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची तपासणी, बहुतेक ठिकाणी उलट्या क्रमानं चालतो. शेवटी वाजणारा बँड आधी तपासायचा आणि सुरुवात करणारा सगळ्यात शेवटी, म्हणजे स्टेज त्यांच्यासाठी लावलेलंच राहतं. पद्धत सोयीची आहे, पण आधीच्यांनी वेळ खाल्ला की कात्री या पोरांच्या वेळेला लागते. कधी कधी तर दारं उघडायची वेळ होते आणि गायकाचा माइक नुसता 'चेक, चेक' म्हणून सोडून द्यावा लागतो.

त्यात रिकाम्या हॉलमध्ये बसवलेला आवाज भरलेल्या हॉलमध्ये टिकत नाही. माणसांची अंगं आणि कपडे वरच्या पट्टीतला आवाज शोषून घेतात. शिवाय गायक म्हणतो, मॉनिटरमध्ये (स्टेजवर वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) मला मीच ऐकू येत नाही. मॉनिटर वाढवला की तोच आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. अशा वेळी मी आधी गिटारच्या अँपचा (अँप्लिफायरचा) आवाज खाली आणायला सांगतो. नव्या मुलांना ते जिवावर येतं, पण ज्यांनी ऐकलं त्यांच्या गाण्याचे शब्द पार मागच्या रांगेपर्यंत पोचले. पहिलं गाणं गढूळ वाटलं तर कृपा करून बाहेर जाऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यापर्यंत आम्ही ते बसवतो.

*

इअरप्लग वापरा, हे मी सगळ्यांना सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा जागांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीनं १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. संगीतासाठीचे प्लग मिळतात, त्यांनी सूर बोथट होत नाहीत, फक्त आवाज उतरतो.

*

मी वाजवत नाही. माझा मुलगा ड्रमर आहे. घरी तो रबरी पॅडवर सराव करतो, म्हणून दाराआडून आम्हाला फक्त टकटक ऐकू यायची. मधेच थांबायची, तिथूनच पुन्हा सुरू व्हायची. गाणं कुठलं, चाल काय, काहीच कळायचं नाही. त्यांच्या पहिल्या कार्यक्रमाला आम्ही दोघं पुढे उभे होतो. एका गाण्यात सगळी वाद्यं एकदम थांबली, त्यानं एकट्यानं तोच ठेका वाजवला आणि त्यावर गायिकेनं ओळ उचलली. आमच्या शेजारची अनोळखी मुलंही ती ओळ म्हणायला लागली. बायकोनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "अहो, हे तेच!"

बँडचं पहिलं रेकॉर्डिंग आता सुरू आहे. झालं की इथेच कळवतो.